गावातून ऑनलाइन गेमपॅड मागवताय? आधी ‘एक्सइनपुट’ आहे का ते पाहा

कीबोर्डवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळणं म्हणजे बोटांची कसरत. बटण एक तर दाबलेलं असतं किंवा नसतं. गेमपॅडची स्टिक थोडी वळवली, की गाडीही थोडीच वळते.

वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूर जैनसारख्या गावातून गेमपॅड घ्यायचा, तर बहुधा ऑनलाइनच. हातात धरून पाहायची सोय नाही, म्हणून वर्णन नीट वाचा.

त्यात ‘एक्सइनपुट’ हा शब्द शोधा. एक्सबॉक्स ३६० च्या काळात, २००५ मध्ये, मायक्रोसॉफ्टने ही पद्धत आणली आणि विंडोजवरचे बहुतेक नवे गेम तीच ओळखतात. फक्त जुन्या ‘डायरेक्टइनपुट’वर चालणारा पॅड स्वस्त मिळतो, पण अनेक गेम त्याला दादच देत नाहीत. स्टीमवर यातून मार्ग निघतो, पण त्या खटपटीत पडायचं कशाला?

दुसरी डोकेदुखी ‘ड्रिफ्ट’ची. साध्या स्टिकमधले भाग घासून झिजतात आणि हात न लावताही खेळाडू एकीकडे सरकू लागतो. ‘हॉल इफेक्ट’ स्टिक चुंबकावर चालते, त्यामुळे ही झीज होत नाही. थोडे पैसे जास्त पडले तरी इथे हात आखडू नका. वाचवायचेच असतील तर वायरलेस सोडा. वायरच्या पॅडला चार्जिंगही लागत नाही.

कॉस्मिक बाइट, रेडगिअर, इव्होफॉक्स हे भारतीय ब्रँड परवडणारे आहेत. आपल्या पिनकोडवरून वस्तू परत नेतात का, हे पैसे भरण्याआधीच बघा. पार्सल आलं की विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून joy.cpl हे इंग्रजीत टाइप करा. पॅड निवडून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. स्टिक सोडल्यावरही खूण मधोमध थांबत नसेल, तर परतीची मुदत संपण्याआधी पॅड परत करा.