संकेत-संपादकातील दोषशोधन

संकेत-संपादक : संगणकाच्या आज्ञावलीचा मूळ मजकूर लिहिण्यासाठी, तपासण्यासाठी व दुरुस्त करण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या साधनास संकेत-संपादक म्हणतात. सामान्य मजकूर-संपादकापेक्षा त्याचे वेगळेपण असे, की लिहिलेल्या मजकुराची भाषा तो ओळखतो, निरनिराळे शब्दवर्ग निरनिराळ्या रंगांत दाखवितो, अपुरे शब्द पुरे करून देतो आणि चूक आढळल्यास तिच्याखाली नागमोडी रेघ ओढतो. मात्र यांपैकी बहुतेक कामे संपादक स्वतः करीत नाही. ती बाहेरून जोडलेल्या घटकांकडून करून घेतली जातात. संपादकाविषयीच्या बहुसंख्य तक्रारींचे मूळ या एका गोष्टीत आहे.

एमआयटी या अमेरिकी संस्थेत १९७६ मध्ये तयार झालेला ईमॅक्स हा वापरणाऱ्याला स्वतःच्या गरजेप्रमाणे वाढविता येणारा आरंभीचा महत्त्वाचा संपादक होय. त्याच वर्षी बिल जॉय यांनी व्हीआय लिहिला. त्याच्या धर्तीवर ब्रॅम मूलेनार यांचा व्हिम १९९१ मध्ये आला. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २९ एप्रिल २०१५ रोजी व्हिज्युअल स्टुडिओ कोड जाहीर केला व त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याचा मूळ संकेत खुला केला. पुढील विवेचनात मुख्यतः हा संपादक डोळ्यांसमोर ठेवला आहे. पण त्यातील तत्त्व इतरांनाही लागू पडते.

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून व तंत्रनिकेतनांतून दीर्घकाळ टर्बो सी शिकविले गेले. बोर्लंड कंपनीच्या या १९८७ मधील संचात संपादक, संकलक म्हणजे कंपायलर व जोडणी करणारा लिंकर हे सर्व एकाच ठिकाणी असत. एक कळ दाबली की आज्ञावली चालू होई. त्या सवयीचा विद्यार्थी नवा संपादक घेतो, सी भाषेचा विस्तारक बसवितो आणि आज्ञावली चालविताना ‘कंपायलर सापडला नाही’ असा संदेश पाहून चकित होतो. विस्तारक बिघडलेला नसतो. संपादकाला नव्या भाषेचे वा कामाचे ज्ञान देणारी पूरक आज्ञावली म्हणजे विस्तारक. व्यवहारात तिला एक्स्टेन्शन म्हणतात. सी भाषेच्या विस्तारकात संकलक नसतोच. तो विंडोजवर मिनजीडब्ल्यूसारख्या संचातून वेगळा बसवावा लागतो.

म्हणून दोष शोधताना पहिला प्रश्न ‘काय बिघडले?’ हा नसून ‘हे काम कोणाचे?’ हा असतो. चार थर वेगळे ओळखावे लागतात : संपादक स्वतः, त्यावरील विस्तारक, विस्तारक ज्याला हाक मारतो ते बाहेरचे साधन (संकलक, पायथॉन, जावाचा विकास-संच, गिट इत्यादी) आणि या सर्वांखालची संगणकाची कार्यप्रणाली. यांतील तिसरा थर सर्वांत जास्त वेळा दोषी ठरतो. त्याची कसोटी सोपी आहे. संपादक बंद करून कार्यप्रणालीच्या आज्ञा-खिडकीत त्या साधनाचे नाव लिहून त्याची आवृत्ती विचारावी. तेथेही उत्तर आले नाही, तर संपादकात शोध घेण्याचे प्रयोजन उरत नाही.

गहाळ घटक : साधन बसविलेले असूनही सापडत नाही, याचे नेहमीचे कारण ‘पाथ’ हे होय. आज्ञावल्या कोणकोणत्या फोल्डरांत शोधायच्या याची यादी कार्यप्रणाली या नावाने जपते. संपादक सुरू होताना ही यादी एकदाच वाचतो. त्यामुळे संकलक नंतर बसविला, तर संपादकाच्या सर्व खिडक्या पूर्ण बंद करून तो पुन्हा उघडावा लागतो. केवळ फाइल बंद करून उघडल्याने काही साधत नाही.

पायथॉनच्या बाबतीत प्रकार याच्या उलट असतो. एकाच संगणकावर दोन-तीन पायथॉन नांदत असतात. उपयुक्त ग्रंथालय म्हणजे लायब्ररी एकात बसविलेली असते आणि संपादकाने निवडलेले पायथॉन दुसरेच असते. मग बसविलेले ग्रंथालयही ‘सापडत नाही’. येथे काहीच गहाळ नसते. संपादकात योग्य पायथॉन निवडणे एवढाच उपाय असतो. दूरच्या संगणकाला जोडून काम करताना असेच घडते : जवळच्या यंत्रावर विस्तारक असतो, पण संकेत ज्या यंत्रावर आहे तेथेही तो बसवावा लागतो.

विस्तारक : व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये विस्तारक संपादकाच्या पडद्यापासून वेगळ्या प्रक्रियेत चालतात. त्यामुळे एखादा विस्तारक कोसळला तरी टंकलेखन सहसा चालू राहते, पण शब्दपूर्ती व चूक दाखविणे बंद पडते. संशय आल्यास सर्व विस्तारक स्थगित करून संपादक उघडावा. दोष गेला, तर तो विस्तारकांपैकीच कोणाचा तरी आहे. पुढे एकेक तपासत बसणे अनावश्यक आहे. निम्मे चालू व निम्मे बंद ठेवून पाहिले, की प्रत्येक फेरीत संशयितांची संख्या निम्म्यावर येते. ४० विस्तारकांतील दोषी फार तर सहा फेऱ्यांत सापडतो. हे अर्धीकरण आपोआप करणारी सोय या संपादकात आहे आणि तिचा उपयोग व्हावा तेवढा होत नाही. दोन विस्तारक एकमेकांत अडकले असल्यास मात्र ही रीत अपुरी पडते. शिवाय ‘आउटपुट’ या पट्टीत प्रत्येक विस्तारकाची नोंद वेगळी मिळते. तिच्यातील पहिली चूक वाचावी. शेवटची बहुधा पहिलीचा परिणाम असते.

कधीकधी विस्तारक मुद्दाम थांबविलेला असतो. २०२१ पासून अनोळखी फोल्डर उघडल्यास संपादक त्यावर विश्वास ठेवायचा का, असे विचारतो. नकार दिल्यास अनेक विस्तारक मर्यादित स्वरूपात चालतात किंवा चालतच नाहीत. हा बिघाड नव्हे. दुसऱ्याने दिलेला संकेत उघडताच त्याने आपल्या संगणकावर काही चालवू नये, यासाठी ही तरतूद आहे. विस्तारक वापरणाऱ्याच्याच अधिकाराने चालत असल्यामुळे, प्रसिद्ध विस्तारकाशी मिळत्याजुळत्या नावाचा विस्तारक घेणे धोक्याचे ठरते. प्रकाशकाचे नाव पाहून मगच तो घ्यावा.

अद्यतने : अद्यतन म्हणजे अपडेट. त्यामुळे जुने दोष जातात, पण खालच्या थराशी असलेले नाते बदलू शकते. २०२४ च्या प्रारंभी व्हिज्युअल स्टुडिओ कोडच्या १.८६ या आवृत्तीने दूरच्या लिनक्स यंत्रांवर जीलिबसी या मूलभूत ग्रंथालयाची किमान २.२८ आवृत्ती आवश्यक केली. उबुंटू १८.०४ मध्ये २.२७, तर सेंटओएस ७ मध्ये २.१७ होती. परिणामी, आदल्या दिवसापर्यंत चाललेली जोडणी अनेकांची बंद पडली. काही दिवसांतच दुरुस्त आवृत्ती काढून जुन्या यंत्रांना मुदत द्यावी लागली. विंडोज ७ साठी १.७० ही शेवटची आवृत्ती ठरली. गिटहब कंपनीचा ॲटम हा संपादक तर १५ डिसेंबर २०२२ रोजी निवृत्तच करण्यात आला.

एखाद्या विस्तारकाच्या अद्यतनानंतर दोष उद्‌भवला असल्यास त्याची आधीची आवृत्ती परत बसविता येते व त्याचे आपोआप होणारे अद्यतन थांबविता येते. याउलट ‘सगळे काढून पुन्हा बसवा’ हा सर्वत्र मिळणारा सल्ला क्वचितच उपयोगी पडतो. विंडोजवर संपादक काढून टाकला तरी त्याची मांडणी व विस्तारक वापरणाऱ्याच्या फोल्डरात तसेच राहतात. नवा संपादक तेच उचलतो आणि दोष परत येतो. अद्यतन मध्येच वीज गेल्याने अर्धवट राहिले असेल, तर पुनर्स्थापना योग्यच. मोजक्या डेटावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला हा फरक महाग पडू शकतो.

जेथे जोडणी खंडित असते, तेथे विस्तारकाची व्हीएसआयएक्स फाइल दुसऱ्या संगणकावरील संपादकातून उतरवून पेनड्राइव्हने आणता येते. ती प्रत्यक्षात झिप स्वरूपाची फाइल असते. काही विस्तारक विंडोज, लिनक्स यांसाठी निरनिराळे असतात व काही पहिल्यांदा चालताना आणखी घटक मागतात. तेव्हा ते एकदा जोडणी असताना चालवून पाहावे लागतात.

देवनागरी : मराठी वापरणाऱ्याला गहाळ घटकाचा अनुभव जुना आहे. आयआयटी कानपूर येथे विकसित झालेले व पुण्याच्या सी-डॅकने (स्थापना १९८८) पुढे नेलेले गिस्ट तंत्र संगणकात बसवायच्या कार्डाच्या रूपात मिळे. ते कार्ड नसले की देवनागरी नसे. विंडोज एक्सपीमध्ये जटिल लिप्यांच्या फायली मूळ सीडीवरून वेगळ्या बसवाव्या लागत. आता हा आधार कार्यप्रणालीतच असतो, तरी संपादकात अडचणी येतात. कुडाळ तालुक्यातील पिंगुळी येथील चित्रकथींच्या पोथ्यांची सूची करणारी आज्ञावली कोणी लिहू लागला, असे समजू. ‘पिंगुळी’ हा शब्द वाचणाऱ्याला तीन अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये मात्र त्यात प, ऱ्हस्व वेलांटी, अनुस्वार, ग, उकार, ळ व दीर्घ वेलांटी अशी सात चिन्हे असतात. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन याप्रमाणे त्याचे २१ बाइट होतात. संपादक स्तंभ-क्रमांक सातांच्या हिशेबाने दाखवितो. सूचीतील नावाचा रकाना २० बाइटांचा ठेवला, तर शेवटची वेलांटी तुटते व तिच्या जागी प्रश्नचिन्हाची चौकट उमटते. हा फॉन्टचा दोष नसल्याने फॉन्ट बदलून तो जात नाही. चौकटी शब्दभर दिसल्या, तर मात्र देवनागरी फॉन्टच नसण्याची शक्यता असते. विंडोज ८ पासून निर्मला यूआय हा फॉन्ट सोबत येतो; लिनक्सवर तो किंवा तत्सम फॉन्ट वेगळा बसवावा लागू शकतो.

संपादकाच्या अंगच्या आज्ञा-खिडकीत प्रत्येक चिन्हाला ठरावीक रुंदीची चौकट देण्याची जुनी रीत असल्यामुळे जोडाक्षरे व वेलांट्या अनेकदा विस्कटतात. फाइलमधील मजकूर तेवढ्याने बिघडत नाही. ‘दऱ्या’ यासारखा शब्द ‘ऱ’ हे चिन्ह घेऊन लिहिता येतो, तसाच ‘र’ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह लावूनही लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण एकाचा शोध घेतला असता दुसरा हाती लागत नाही. अशा वेळी संपूर्ण सूचीत एकच पद्धत ठरवून दुसरीचे रूपांतर करून घ्यावे लागते.