साडेअडतीस युनिटांची शर्यत

महावितरणच्या बिलावर छापलेला ‘युनिट’ म्हणजे एक किलोवॅट-तास. फॉर्म्युला-ई या विद्युत शर्यतीतल्या तिसऱ्या पिढीच्या गाडीला असे जेमतेम ३८.५ युनिट मिळतात. पेट्रोलच्या हिशेबात साधारण सव्वाचार लिटर. तेवढ्यावर चालकासह ८४० किलोंची एकआसनी गाडी, ताशी तीनशेच्या पुढे जाण्याची तिची ताकद असताना, पाऊण तास पळवायची.

हे जमतं कसं, ते पसरणीच्या घाटात नीट कळतं. पाचगणीहून वाईला उतरताना आपण साधारण पावणेसहाशे मीटर खाली येतो. दीड टनाच्या मोटारीसाठी ही उंची सव्वादोन युनिटांच्या मोलाची. पेट्रोल गाडीत ती इंजिनाच्या ओढीत आणि ब्रेक तापण्यात फुकट जाते. वाईच्या वेशीवर येणारा जळका वास त्यातलाच. विद्युत गाडीत उतारावर मोटरच जनरेटर होते आणि यातला बराच भाग बॅटरीत परत टाकते. शर्यतीच्या गाडीने २५० चा वेग ८० वर आणला, की गतिज ऊर्जेतून अर्धा युनिट मोकळा होतो, तोही तीनेक सेकंदांत. सहाशे किलोवॅटच्या दराने तो गोळा करायची या गाडीची क्षमता आहे. शर्यतीत खर्चल्या जाणाऱ्या ऊर्जेपैकी जवळजवळ ४० टक्के अशी ब्रेकमधूनच आलेली असते.

१३ सप्टेंबर २०१४ रोजी बीजिंगला पहिली शर्यत झाली, तेव्हा एका बॅटरीत शर्यत पुरी होत नसे. चालक मध्येच गाडीतून उडी मारून दुसऱ्या गाडीत बसायचा! २०१८-१९ च्या मोसमात मोठी बॅटरी आली आणि ही कसरत थांबली. महिंद्राचा संघ अगदी पहिल्या शर्यतीपासून मैदानात आहे. पहिल्या मोसमात करुण चंधोक त्यांच्याकडून धावला होता.

पण अडचण मिटली असं नाही, तिने रूप बदललं. एप्रिल २०२१ मध्ये व्हॅलेन्सियाला गाड्यांचा वेग आवरणारी सेफ्टी कार पुन्हा पुन्हा आली आणि नियमानुसार प्रत्येक वेळी सगळ्यांच्या वाट्याची ऊर्जा कापली गेली. आघाडीवरच्या गाडीने वेळ संपायच्या काही क्षण आधी रेषा ओलांडली, म्हणजे आणखी एक फेरी आली. त्या फेरीत गाड्यांमागून गाड्या रांगायला लागल्या. ज्यांनी मर्यादेपेक्षा जास्त वीज वापरली ते बाद झाले. अलीकडे वेगळंच दुखणं आहे. पुढच्या गाडीच्या आडोशाला हवेचा रोध कमी लागतो, म्हणून काही धावपट्ट्यांवर पुढे जायलाच कोणी राजी नसतं. मला यात बुद्धीची मजा दिसते. पण तिकीट काढून आलेल्या माणसाला शर्यतीत सगळे मागे राहायला धडपडताहेत हे पटवणं कठीण आहे. २०२५ मध्ये जेद्दाहला ‘पिट बूस्ट’ही आला, म्हणजे शर्यतीत मध्येच थांबून झटपट चार्जिंग. तीस सेकंदांत ३.८५ युनिट, कमाल सहाशे किलोवॅटने. पाच हॉर्सपॉवरचे एकशे साठ कृषिपंप एकदम सुरू केल्यासारखा हा भार.

भारतात ही शर्यत एकदाच झाली, ११ फेब्रुवारी २०२३ ला हैदराबादमध्ये हुसेनसागरच्या काठी. पुढच्या वर्षीची रद्द झाली. महिंद्राचा संघही राबतो तो इंग्लंडमधल्या बॅनबरीला.

मग साताऱ्या-सांगलीच्या पोरांनी काय करायचं? हात चालवण्याची इथे वानवा नाही. देवराष्ट्र्याच्या एका कारागिराने भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली आणि आनंद महिंद्रांनी २०२२ मध्ये तिच्या बदल्यात बोलेरो दिली, हे सगळ्यांनी वाचलं आहे. कौतुक रास्तच. पण चारशे-पाचशे व्होल्टची बॅटरी जुगाडाने बनत नाही.

बनते कशी, ते फॉर्म्युला स्टुडंट या महाविद्यालयीन स्पर्धेची नियमावली सांगते. ताकद ८० किलोवॅटपर्यंतच. उच्च दाबाच्या तारा नारिंगीच. सेलचं तापमान साठ अंशांवर गेलं, की सर्किट आपोआप तुटलं पाहिजे. एप्रिल-मेमध्ये सांगलीत हवाच चाळिशीला टेकते, म्हणजे सरावाला हाताशी उरतात वीस अंश. प्रवाह दुप्पट केला की उष्णता चौपट, हे पुस्तकातलं सूत्र इथे प्रत्येक निकेलपट्टीच्या वेल्डिंगला लागू होतं. जर्मन स्पर्धेच्या नियमांत पावसाची परीक्षाही आहे. चालू स्थितीतल्या रिकाम्या गाडीवर दोन मिनिटं पाणी मारतात, मग आणखी दोन मिनिटं थांबतात. तेवढ्यात इन्सुलेशन मॉनिटरने एकदा जरी धोका दाखवला, तरी गाडी नापास. एवढ्यातून निभावलं, तर २२ किलोमीटरची दमसासाची फेरी.

आपल्याकडे ‘फॉर्म्युला भारत’ कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होते, सांगलीहून हजारेक किलोमीटर. सरावाला जवळ म्हणाल तर कोल्हापूरच्या मोहित्यांची कार्टिंगची धावपट्टी. सांगलीचं वालचंद (१९४७), कराडचं शासकीय अभियांत्रिकी (१९६०), साखराळ्याचं राजारामबापू (१९८३) ही कॉलेजं एकमेकांपासून तास-दीड तासावर आहेत. प्रत्येकाने वेगळी गाडी, वेगळे प्रायोजक आणि वेगळा चार्जर जमवण्यापेक्षा तिघांनी मिळून एक बॅटरी-चाचणी खोली उभारली, तर जास्त उपयोग होईल. सेल तर तसेही बहुतांशी चीनमधूनच येतात, आणि त्यांची किंमत पोरांच्या वर्गणीत बसत नाही.

दुसरा प्रश्न कॉलेजबाहेरचा. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० पासूनचा. साताऱ्याचं कूपर सिलिंडर लायनरसाठी ओळखलं जातं. कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या फाउंड्र्यांनी कित्येक वर्षं इंजिनाचे भाग ओतले. विद्युत गाडीत सिलिंडरच नाही, मग लायनर कुठला? तिला लागतं मोटरचं घर: पाणी खेळवायला आत वाटा ठेवलेलं, पातळ भिंतींचं, ॲल्युमिनियमचं. बिडात मुरलेल्या भट्ट्यांना हा धातूही नवा आणि साचाही. पण शर्यतीच्या गाडीला असं घर एक-दोनच लागतं, दर मोसमाला बदलूनही लागतं. हजारांच्या ऑर्डरशिवाय यंत्र न लावणाऱ्या मोठ्या पुरवठादाराला त्यात रस नसतो. एमआयडीसीतल्या दहा कामगारांच्या शेडला मात्र हे काम हाती घेता येईल.