चष्म्याचा नंबर आणि लेसरचा किरण

आमच्या वर्गातील एक मुलगी फळ्यावरचे गणित शेजारणीच्या वहीतून उतरवून घेत असे. आम्ही तिच्या वडिलांना बोलावून डोळे तपासण्यास सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "गुरुजी, आता चष्मा लावला तर उद्या स्थळ कोण आणील? त्यापेक्षा लेसरच करून टाकू." मुलगी तेरा वर्षांची! असा समज पुष्कळ घरांत आढळतो. म्हणून लेसर डोळ्यात नेमके काय करतो, ते येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

बुबुळाच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखा फुगीर, पारदर्शक पडदा असतो. त्यास पारपटल म्हणतात. त्याची जाडी मध्यभागी सुमारे अर्धा मिलिमीटर. पण डोळ्यात शिरणारा प्रकाश वळविण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम तेच करते. डोळ्याचा गोल किंचित लांब असला की दूरच्या वस्तूची प्रतिमा आतल्या पडद्याच्या अलीकडेच पडते व लांबचे पुसट दिसते. ही लघुदृष्टी होय. गोल आखूड असल्यास उलट घडते, ती दीर्घदृष्टी. पारपटलाचा बाक सर्व दिशांनी सारखा नसेल, तर अक्षरे फाटल्यासारखी दिसतात.

चष्म्याचे भिंग डोळ्याबाहेर राहते. लेसर पारपटलालाच नवा बाक देतो. १९८१ साली अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत, मद्रास विद्यापीठाचे पदवीधर रंगस्वामी श्रीनिवासन यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या अवशेषांवर एक्सायमर लेसर टाकून पाहिला. आजूबाजूचा भाग न भाजता स्वच्छ कड निघाली! या अदृश्य किरणाचा एकेक झोत मिलिमीटरच्या सुमारे चार हजाराव्या हिश्शाएवढा थर काढतो. लघुदृष्टीत मधला भाग चपटा करतात. दीर्घदृष्टीत कडेचा थर काढून मध्य उठावदार करतात. 'लॅसिक' पद्धतीत थेंब घालून डोळा बधिर करतात, वरचा पातळ पापुद्रा उचलतात, खाली लेसर चालवितात आणि पापुद्रा परत बसवितात. टाके लागत नाहीत.

परंतु काढलेला थर पुन्हा येत नाही, हे ध्यानी धरावे. वाढत्या वयात नंबर बदलत असतो. म्हणून अठरा वर्षे पूर्ण होऊन नंबर निदान वर्षभर स्थिर राहिल्यावरच हा विचार करावा. पारपटल फार पातळ वा शंकूसारखे असल्यास डॉक्टर नकारच देतात. काहींना नंतर डोळे कोरडे पडण्याचा, रात्री दिव्यांभोवती वलये दिसण्याचा त्रास होतो. आणि आमच्या वयास येणारी चाळिशी यामुळे टळत नाही; कारण ती डोळ्यातील आतले भिंग ताठर झाल्याने येते.

तेव्हा सभासद बंधुभगिनींनो, मुलांचे डोळे आजच तपासून घ्या. लेसरचे पुढे पाहू. त्या मुलीस अखेर चष्मा मिळाला. हल्ली तिच्या वहीतील चुका तिच्या स्वतःच्या असतात, याचे आम्हास मोठे समाधान वाटते.