गोळी खाली का लागली?

कॉलेजात असताना मी एन.सी.सी.त होतो. नेमबाजीच्या स्पर्धेसाठी आमच्यातून पाच जण निवडायचे होते. महिनाभर ०.२२ रायफलीने ५० मीटरांवर सराव केल्यावर माझ्या गोळ्या निशाणाच्या मध्याभोवती पडू लागल्या होत्या. निवडीच्या दिवशी मात्र पाचही गोळ्या मध्याच्या खाली, बोटाच्या एका पेराइतक्या अंतरावर लागल्या. उस्तादांनी माझ्या श्वासाला दोष दिला आणि माझी निवड हुकली. त्या सकाळी काडतुसांचे वेगळ्या जातीचे खोके उघडले होते, याचा विचार तेव्हा कोणाच्याच मनात आला नाही.

खरे तर निशाणाचा कागदच सारे सांगत होता. पाचही गोळ्या एकमेकींना खेटून होत्या. नेमबाज याला ‘ग्रुप’ म्हणतात. श्वास चुकला असता, हात हलला असता, तर गोळ्या वरखाली विखुरल्या असत्या. ग्रुप घट्ट, पण सगळाच सरकलेला, म्हणजे चूक एकच आणि प्रत्येक वेळी तीच. प्रयोगशाळेत सूक्ष्ममापी स्क्रूची शून्यत्रुटी असते ना, तसाच हा प्रकार.

गोळी सरळ रेषेत जाते असे पुष्कळांना वाटते. पण नळीतून सुटताक्षणी ती हातातून सोडलेल्या दगडाप्रमाणे खाली पडू लागते. स्पर्धेसाठीच्या ०.२२ काडतुसातील गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर असतो. हवेचा विरोध क्षणभर विसरू या. ५० मीटर जाण्यास तिला सुमारे ०.१५ सेकंद लागतो आणि तेवढ्यात ती ११ सेंटिमीटर खाली येते! वेगवान जातीच्या काडतुसाचा वेग ३८० मीटरांच्या आसपास असतो. ती गोळी साडेआठ सेंटिमीटरच पडते. हवेच्या विरोधामुळे दोन्ही आकडे थोडे वाढतात, पण फरक अडीच सेंटिमीटरांच्या जवळपासच राहतो.

वेग १५ टक्क्यांनी वाढला, तर पडण्याचे अंतर जवळजवळ २५ टक्क्यांनी घटले. कारण हे अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात असते.

अडीच सेंटिमीटर म्हणजे फार नव्हे, असे वाटेल. पण ५० मीटर रायफलच्या निशाणावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते आणि पुढचे प्रत्येक कडे ८ मिलिमीटर रुंद. एवढ्या फरकाने दहाचे सात गुण होतात. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, ते याच निशाणावर.

मग मध्यावर गोळी लागते तरी कशी? मागची साईट अशा उंचीवर बसवतात, की नजर निशाणावर ठेवली असता नळीचे तोंड किंचित वर वळलेले राहते. गोळी खाली लागत असेल तर मागची साईट वर करायची. किती, ते समरूप त्रिकोण सांगतात. दोन साईटींमधील अंतर ८० सेंटिमीटर धरले, तर ५० मीटर त्याच्या ६२.५ पट होतात. २५ मिलिमीटरांना ६२.५ ने भागा. उत्तर ०.४ मिलिमीटर! माझी निवड तेवढ्यावर अडली होती.

येथे एखादा विचारील, की वेगवान गोळी कमी पडते, तर स्पर्धेत तीच का वापरत नाहीत? पडणे साईटने भरून काढता येते, पण अचानक आलेल्या वाऱ्यावर साईटचा इलाज नाही. आवाजाच्या वेगाच्या आसपास हवेचा विरोध झपाट्याने वाढतो आणि गंमत अशी, की ०.२२ ची वेगवान गोळी आडव्या वाऱ्याने जास्त सरकते. म्हणून स्पर्धेच्या काडतुसाचा वेग आवाजापेक्षा किंचित कमी ठेवतात.

वेग कमी झाला की गोळी खालीच लागणार, असाही नियम मात्र करू नका. रिव्हॉल्व्हरमध्ये अनेकदा उलट घडते. गोळी नळीत असतानाच मागे धक्का बसू लागतो. मूठ नळीच्या खाली असल्याने नळीचे तोंड वर उचलले जाते. सावकाश जाणारी जड गोळी नळीत जास्त वेळ राहते, तोंड अधिक वर गेल्यावर बाहेर पडते आणि जवळच्या निशाणावर वरच्या अंगाला लागते.

म्हणून जाणता नेमबाज नवे खोके उघडले की आधी पाच गोळ्या झाडून ग्रुप कोठे पडतो ते पाहतो आणि मगच साईटला हात लावतो. एकाच गोळीवरून साईट फिरवणे चुकीचे, कारण एका गोळीवरून ग्रुप कळत नाही.

आता तुमच्यासाठी एक गणित. वरील दोन काडतुसांच्या गोळ्यांतील फरक २५ मीटरांवर किती पडेल? ‘निम्मा’ असे उत्तर आले, तर पुन्हा करून पाहा.