प्रोबेशन म्हणजे सुटका नव्हे

प्रोबेशन हा शब्द आपणांस नोकरीच्या संदर्भात परिचित आहे. फौजदारी कायद्यातील प्रोबेशन मात्र निराळे. गुन्हा शाबीत झालेल्या माणसाला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर समाजातच राहू द्यावयाचे, अशी ही योजना. मुंबई प्रांतात १९३८ साली असा कायदा झाला. पुढे १९५८ साली सर्व देशासाठी अपराधी परिवीक्षा अधिनियम आला. अपराधी एकवीस वर्षांखालचा असेल आणि गुन्हा जन्मठेपेस पात्र नसेल, तर त्याला कैदेची शिक्षा देताना न्यायाधीशाला कारणे लिहावी लागतात. तेव्हा हा कायदा आपल्या वयाच्या मुलांशी फार जवळचा आहे.

घोटाळा होतो तो पुढे. कोर्टातून घरी आलेला मुलगा ‘सुटलो’ असे समजतो. घरचेही देवापुढे नारळ फोडतात. वस्तुतः शिक्षा माफ झालेली नसते, ती फक्त सुनावलेली नसते. ठरलेल्या मुदतीत (ही तीन वर्षांपर्यंत असू शकते) कोर्ट बोलावील तेव्हा हजर होऊन शिक्षा घेईन, असेच त्याने लिहून दिलेले असते. शिवाय राहण्याचे ठिकाण, दारूबंदी अशा अटी असतात, आणि प्रोबेशन अधिकाऱ्याची देखरेखही असू शकते.

समजा, मिरजेचा एक मुलगा चोरीच्या खटल्यात असा सुटला. ठरलेल्या पत्त्यावर राहावयाचे, ही अट. घरी चूल पेटण्याची पंचाईत, म्हणून कोणालाही न सांगता तो पुण्याला कामावर गेला. अधिकाऱ्याचा अहवाल गेला की कलम ९ प्रमाणे कोर्ट त्याच्यावर वॉरंट किंवा समन्स काढू शकते. जामीनदार बिचारा मामा असला, तरी त्यालाही समन्स येऊ शकते. चौकशी संपेपर्यंत मुलाला कोठडीत ठेवता येते अथवा जामिनावर सोडता येते. अटभंग सिद्ध झाल्यास मूळ चोरीची शिक्षा तेथल्या तेथे देता येते. पहिलाच अटभंग असेल तर बंधपत्र कायम ठेवून पन्नास रुपयांपर्यंत दंड, हा दुसरा मार्ग. एका बाजूस तुरुंग, दुसऱ्या बाजूस पन्नास रुपये!

या दोहोंतून निवड करण्यापूर्वी कोर्टाने त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, असे कायदाच सांगतो. पण भेदरलेला मुलगा बोलणार काय? ‘चुकलो, साहेब’ एवढेच. तो पळाला नव्हता, कामाला गेला होता, हे मालकाच्या दाखल्यासह मांडणे, हा पहिलाच भंग असल्याचे दाखवणे, जामीन मागणे, ही वकिलाची कामे. चांगला वकील त्याला आधीच सांगता की गाव सोडण्यापूर्वी अधिकाऱ्याला भेट. त्याच्या अर्जावरून कोर्ट अटी बदलू शकते.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. प्रोबेशनवर सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता कलम १२ अन्वये लागत नाही; दोषसिद्धी मात्र पुसली जात नाही. पुढे मूळ गुन्ह्याची शिक्षा झाली, की हे संरक्षणही जाते. मग अपात्रतेचा अडसर त्याच्या वाटेत पुन्हा उभा राहतो.

वकिलाची फी कोठून आणावयाची, हा प्रश्न खराच. १९७६ च्या घटनादुरुस्तीने मोफत कायदेविषयक साहाय्याचे कलम ३९ अ आले आणि त्यासाठी १९८७ साली स्वतंत्र कायदा झाला. त्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. वॉरंटावर पकडून आणलेला आपला मिरजेचा मुलगा कोठडीतच असतो. त्याने किंवा त्याच्या आईने तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावयाचा.