पांढरीखालचा संसार

गावाच्या जुन्या वस्तीच्या जागेला आपल्याकडे ‘पांढरी’ म्हणतात आणि शेतजमिनीला ‘काळी’. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण आणि पडलेल्या भिंतींची माती मिसळून पांढरीला तो रंग येतो. महाराष्ट्राचा लेखनपूर्व संसार याच पांढरीत गाडलेला आहे. त्याची मोठी साक्ष पुणे जिल्ह्यातल्या घोड नदीकाठच्या इनामगावाने दिली.

१९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी या संशोधकांनी येथे उत्खनन केले. शंभराहून अधिक घरे उजेडात आली. इ. स. पू. १६०० ते ७०० च्या सुमाराची ही ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती. ते सातू पिकवत, गाईगुरे पाळत, नदीचे पाणी पाटाने शेताकडे वळवत. दगडी पात्यांच्या जोडीला थोडे तांबे, एवढीच त्यांची अवजारे.

मूल दगावले की दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत ते ठेवत आणि घराच्याच जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसांना पुरताना पावले घोट्यापासून तोडत. मेलेल्याने घर सोडून जाऊ नये म्हणून तसे करीत असावेत, असा तर्क आहे. तीन हजार वर्षांपूर्वीची ती माया आणि ती भीती, दोन्ही आपल्याला परकी वाटत नाहीत.

आरंभीची घरे ऐसपैस, चौकोनी होती. अखेरच्या काळात त्यांच्या जागी लहान, गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी झाला, शेती खालावली आणि माणसे शिकार व गुरांवर अधिक विसंबू लागली, असे ढवळीकरांनी मांडले. बँकेच्या नोकरीत मी दुष्काळ कर्जाच्या आकड्यांत वाचला. इनामगावात तो घरांच्या आकारात वाचावा लागतो.

पण हे वाचन मातीचे थर जागच्या जागी असतील तरच होते. पांढरीची माती पिकाला चांगली, म्हणून कित्येक गावांची टेकाडे गाडीगाडीने शेतात गेली. आता तर जेसीबीला एक दिवस पुरतो. थर मोडला की रांजण निव्वळ खापर होतो आणि त्यातले मूल कोणाचेच राहत नाही. आपल्या गावच्या टेकाडात खापरे दिसली, तर फावडे थांबवून पुरातत्त्व खात्याला कळवावे. पूर्वजांचे एवढे देणे आपल्याकडे बाकी आहे.