शहाबादी फरशीवर न उमटलेली चित्रं

पायाखाली शहाबादी फरशी नाही असं घर आमच्या बिदर-कलबुर्गी पट्ट्यात शोधूनही सापडायचं नाही. ही फरशी म्हणजे चुनखडीचा दगड. एकोणिसाव्या शतकात शिळाप्रेसवर चित्रं छापत ती याच्याच गोत्रातल्या दगडावर. फक्त तो दगड बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या खाणीतला. त्या दगडांवर साहेबांची नाकं लांबली, राजेमहाराजांची पोटं सुटली. आमचा दगड मात्र ओट्याला आणि न्हाणीलाच लागला. व्हिक्टोरिया राणी आणि सातवा एडवर्ड यांच्या काळातल्या व्यंगचित्रांचा आढावा घ्यायला बसलो, तर आपल्या मुलखापुरती ही रिकामी जागाच आधी डोळ्यांत भरली.

या व्यंगचित्रांचा मूळ पुरुष म्हणजे लंडनचं साप्ताहिक 'पंच'. पहिला अंक 17 जुलै 1841चा. 'कार्टून' म्हणजे तोवर भिंतीवरच्या मोठ्या चित्राचा कच्चा आराखडा. 1843 साली पार्लमेंटच्या नव्या इमारतीसाठी अशा आराखड्यांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा 'पंच'च्या जॉन लीचने ते पाहायला आलेली उपाशी, फाटकी माणसं रेखाटली आणि त्या चित्रालाच 'कार्टून' म्हटलं. थट्टेत दिलेलं नाव कायमचं चिकटलं. मोठ्या चित्राचा विषय दर बुधवारी संपादक मंडळी जेवणाच्या टेबलावर ठरवीत. मग जॉन टेनियल लाकडी ठोकळ्यावर चित्र काढी. ठोकळा तुकड्यांचा, तुकडे सुटे करून कोरक्यांमध्ये वाटत, रात्रीत कोरून पुन्हा जोडत. 'अ‍ॅलिस'ची चित्रं काढणारा तो हाच टेनियल. एका डोळ्याने अधू असूनही गड्याने 'पंच'साठी दोन हजारांवर चित्रं काढली.

त्याचा हात कसलेला होता, पण मन राज्यकर्त्यांचं. 22 ऑगस्ट 1857च्या अंकात त्याचा ब्रिटिश सिंह बंगालच्या वाघावर झेपावतो. वाघाच्या पंजाखाली एक बाई आणि तिचं मूल. हे चित्र आजही पाहताना मी अस्वस्थ होतो, कारण ते फार चांगलं काढलंय. दोनच महिन्यांनी 'पंच'ने गव्हर्नर जनरल कॅनिंगच्या दयाळूपणाची टर उडवली. चित्रात तो शिपायाच्या डोक्यावरून मायेने हात फिरवतोय. त्या दयेचा एक कवडसा आमच्या बाजूलाही पडला. 1858च्या फेब्रुवारीत सुरपूरचा तरुण राजा व्यंकटप्पा नायक उठला. सुरपूर आता यादगीर जिल्ह्यात आहे, पूर्वी गुलबर्ग्यात, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, होतं. राजाला लहानपणापासून सांभाळणाऱ्या मेडोज टेलरने लिहून ठेवलंय की फाशीची जन्मठेप झाली आणि कॅनिंगने ती 4 वर्षांच्या कैदेवर आणली. कैदेच्या वाटेवरच राजा गोळी लागून मेला. लंडनच्या कुठल्या जेवणाच्या टेबलावर सुरपूरचं नाव निघालं असेल असं वाटत नाही.

15 एप्रिल 1876च्या 'पंच'मधल्या चित्रात पंतप्रधान डिझरायली अल्लाउद्दीनच्या गोष्टीतला फेरीवाला होऊन राणीकडून जुना मुकुट घेतो आणि नवा, सम्राज्ञीपदाचा, पुढे करतो. त्याच वर्षी आमच्या मुलखावर राज्य करणाऱ्या निझामाचे दिवाण सालारजंग इंग्लंडला गेले. 1853च्या तहाने हातचं गेलेलं वऱ्हाड परत मिळावं हा त्यांचा जन्मभराचा ध्यास. मुकुटांची अदलाबदल झाली, वऱ्हाड काही सुटलं नाही.

इकडे 'पंच'ला भावंडं झाली होती. मुंबईत 1854 साली 'पारशी पंच' निघाला, पुढे त्याचाच 'हिंदी पंच' झाला. बर्जोरजी नवरोजींच्या संपादनाखालच्या या इंग्रजी-गुजराती साप्ताहिकात मिस्टर पंचचा 'पंचोबा' झाला. विठोबा, खंडोबा, तसा पंचोबा! भालकीजवळच्या खानापूरच्या मैलाराला, म्हणजे खंडोबालाच, जाणाऱ्या आमच्या माणसांना तो घरचाच वाटला असता. शिवाय तिकडचा पंच म्हणजे बाहुल्यांच्या खेळातला भांडखोर नवरा. आपल्याकडे पंच म्हटलं की पारावर न्यायनिवाडा करणारा माणूस. लखनौत मुन्शी सज्जाद हुसेनांचा 'अवध पंच' 1877 साली आला. त्याची उर्दू आमच्याकडे 1884पासून कचेरीची भाषाच झाली.

मराठीत ठाण्याचा 'हिंदू पंच'. त्याची जीभ तिखट. टिळकांना 1908च्या जुलैत 6 वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गोखले विलायतेत होते, आणि या पत्राने त्या शिक्षेचं खापर त्यांच्यावर फोडलं. 1909 साली गोखल्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि जिंकला. गोखल्यांबद्दल मला आदर आहे. तरी विनोदाच्या पत्राला कोर्टात खेचावं का, यावर माझं मन अजून ठरत नाही. पण तो विनोद तरी होता का? त्याच 1909 साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, आणि पुढे मराठी व्यंगचित्राने आपलं बिऱ्हाड दिवाळी अंकातच थाटलं. 'आवाज'मधल्या खिडक्या उघडून पाहिल्या नाहीत असा वाचक विरळा.

आमच्या मुलखात काय होतं? गुलबर्ग्याला नूतन विद्यालय निघालं ते 1907 साली. हैदराबादहून 'निझामविजय' हे मराठी साप्ताहिक आलं ते 1920 साली. इंग्रजी हद्दीत व्हाइसरॉयचं चित्र काढता येई, फार तर खटला होई. निझामाच्या राज्यात निझामाचं चित्र काढायचं म्हणजे दगड, कागद आणि डोकं तिन्ही धोक्यात. मग थट्टा तोंडातोंडी फिरली. 1902च्या नोव्हेंबरात निझाम मीर महबूब अली खानांनी वर्षाला 25 लाखांच्या बोलीवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांना दिलं. पाठोपाठ त्यांना 'जी.सी.बी.' हा मोठा किताब मिळाला. लोकांनी त्या अक्षरांची लगेच फोड केली: गेव्ह कर्झन बेरार, म्हणजे व्हाइसरॉय कर्झनला वऱ्हाड देऊन टाकलं. तीन अक्षरांत अख्खं व्यंगचित्र. शाई नको, दगड नको, जप्त करायला हाती काही नाही.

पण ते इंग्रजी येणाऱ्यांपुरतंच. भालकी-औरादच्या रयतेला त्या अक्षरांत काय कळणार? तिच्यासाठी कुणीतरी शहाबादच्या फरशीवर कोळशाने का होईना चित्र काढायला हवं होतं. कोटी तर मराठीत तयारच होती: नवरदेव छातीवर नवा बिल्ला लावून बोहल्यावर एकटाच उभा आहे, आणि वऱ्हाड कर्झनच्या मागून चाललंय.